पार्किंगच्या कोपऱ्यात

सकाळचे साडेसात. पुण्यातल्या कर्वेनगरचा एक बसथांबा. थांब्याला लागून लोखंडी चौकटीत दोन डबे टांगलेले आहेत, एक हिरवा आणि एक निळा. रिकामे करताना उलटे करता यावेत म्हणून ते दोन्ही बाजूंनी खिळीवर अडकवलेले. हिरव्याची एक खिळी निसटली आहे, त्यामुळे तो एका अंगाला कलला आहे आणि त्याचं झाकण पुरतं उघडत नाही. दोन्ही डब्यांची तोंडं एकाच आकाराची, एकाच मापाची. निळ्यावर लिहिलेल्या अक्षरांतला 'का' तेवढा वाचता येतो. हिरव्यावर कुणीतरी क्लासची जाहिरात चिकटवली आहे.

आज मी ज्यांच्याबरोबर फिरते आहे त्या कचरावेचक मावशी ढकलगाडी थांबवतात आणि निळ्या डब्यात वाकून बघतात. हे डबे त्यांच्या कामात मोडत नाहीत. त्यांचं काम घरोघरचा कचरा उचलायचं. पण वाटेत चांगली बाटली दिसली तर ती सोडायची नाही, असा त्यांचा नेम आहे. डब्याचं तोंड अरुंद, बूड खोल. कोपरापर्यंत हात घातला तरी बाटली हाताला लागत नाही. पावसाचं पाणी आत साचलंय, कारण बुडाला पाणी जायला भोक ठेवलेलं नाही. मावशी हात बाहेर काढतात, गाडीच्या कडेला पुसतात आणि म्हणतात, "ऱ्हाऊ दे ताई. सगळं कुजलंय आत."

आम्ही तिथे उभ्या असतानाच कॉलेजला निघालेली एक मुलगी चहाचा कागदी कप घेऊन येते. कपात दोन घोट चहा शिल्लक आहे. ती दोन्ही डब्यांकडे बघते. पाट्या वाचता येत नाहीत म्हणून वाकून आत बघते. दोन्हींत सारखंच दिसतं. क्षणभर थांबून ती कप निळ्यात टाकते. आतल्या वर्तमानपत्रावर चहा सांडतो. तिच्या मागून आलेला माणूस केळ्याचं साल त्याच डब्यात टाकतो. एक आजोबा बिस्किटाचा रिकामा पुडा घेऊन येतात. झाकण हाताने ढकलल्याशिवाय आत काही टाकता येत नाही आणि त्या झाकणावर पानाच्या पिचकाऱ्या आहेत. आजोबा हात आखडता घेतात आणि पुडा डब्याच्या पायाशी ठेवून बसमध्ये चढतात.

थांब्यावरचे एक गृहस्थ माझ्याकडे बघून म्हणतात, "आपल्या लोकांना शिस्तच नाही." हे वाक्य आपण सगळेच म्हणतो. पण आत्ता माझ्या डोळ्यांसमोर जे घडलं ते बेशिस्तीचं नव्हतं. ती मुलगी थांबली, बघितलं, विचार केला. तिला नीट टाकायचं होतं. बाहेरून कागद, आतून प्लास्टिकचा पातळ थर आणि त्यात उरलेला चहा, असा कप तिने कुठल्या डब्यात टाकायचा? हिरव्यात टाकला तर खतात प्लास्टिक जातं. निळ्यात टाकला तर रद्दी भिजते, आणि कागदाच्या गिरणीला तो थर असलेला कप तसाही नको असतो. त्या मुलीला बरोबर उत्तर देता येईल अशी सोयच तिथे नव्हती. चहा ओतायला एखादं जाळीचं तोंड, पेल्यांसाठी एक उभी नळी, एवढं असतं तरी निम्मा प्रश्न सुटला असता.

डब्याच्या तोंडाचा आकार ही क्षुल्लक बाब नाही. शॉन डफी आणि मिशेल व्हर्जेस या दोघांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात डबे तेच ठेवले आणि फक्त झाकणं बदलली: बाटल्या-डब्यांसाठी गोल भोक, कागदासाठी चपटी फट. पुनर्वापरासाठी योग्य डब्यात पडणाऱ्या बाटल्या-डब्यांचं प्रमाण 34 टक्क्यांनी वाढलं आणि त्यात मिसळणारा भलता कचरा 95 टक्क्यांनी घटला. भाषण नाही, दंड नाही, फलक नाही. हाताला जे भोक सांगतं ते डोळ्यांना पाटी सांगू शकत नाही. इथे मात्र दोन सारख्या तोंडांच्या डब्यांना दोन रंग दिले आणि बाकीचं लोकांच्या शहाणपणावर सोडलं.

एवढं होऊनही काही टिकलं तर कचरा नेणारी गाडी येते आणि दोन्ही डबे एकाच पोटात रिकामे करते. ते मी थांब्यासमोर आत्ताच बघितलं. गाडीतला दाबयंत्राचा पत्रा खाली येतो आणि केळ्याचं साल, चहा, कागद, काच यांचा एक लगदा होतो. तो पुढे कुणालाच वेगळा करता येत नाही.

गाडी निघून गेल्यावर आम्ही गल्लीत वळतो. सोसायटीच्या फाटकाशी उतार आहे, पण उताराच्या शेवटी वीतभर उंचीची पायरी आहे. मोटारीचं चाक ती सहज चढतं. भरलेल्या ढकलगाडीचं लहान चाक तिथे अडतं. मावशी गाडी उलटी फिरवतात, पाठीने ओढून वर घेतात. वॉचमन काका मागून हात लावतात. रोजचंच असल्यामुळे कुणी काही बोलत नाही.

इमारत सात मजली. खाली प्रत्येक मोटारीसाठी पिवळ्या रेघांनी आखलेली, नंबर घातलेली जागा. कचरा निवडण्यासाठी कुठेही जागा नाही. 5,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या वसाहतींनी कचरा मुळातच वेगळा करावा असं 2016 चे घनकचरा नियम सांगत होते. पण वेगळा केलेला कचरा बसून कुणी, कुठल्या उजेडात आणि कुठल्या जमिनीवर निवडायचा, हे नकाशा काढणाऱ्याच्या मनात आलेलं दिसत नाही. मावशी मीटरच्या खोलीशेजारी, खांबाच्या आडोशाला फाटकं ताडपत्रीचं पटकूर अंथरतात. तिथे सकाळीही अंधार असतो. वरच्या पाइपातून अधूनमधून पाणी ठिबकतं. पाणी जिथे पडतं त्या जागी त्या एक रंगाचा डबा ठेवतात आणि कामाला बसतात.

मावशी उदगीरकडच्या. त्यांची आई 1972 च्या दुष्काळात पुण्यात आली आणि कचऱ्यातून कागद वेचू लागली. मावशी आठव्या वर्षापासून तिच्याबरोबर. "तवा उकिरड्यावरच जेवन," एवढंच त्या सांगतात. 1993 साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्यामार्फत ह्या बायकांना ओळखपत्र मिळालं आणि चोर म्हणून हटकणं कमी झालं. 2008 पासून त्याच बायका 'स्वच्छ' या आपल्या सहकारी संस्थेतर्फे घरोघरी जाऊ लागल्या. घरामागे महिन्याचं शुल्क आणि सुक्या कचऱ्याची विक्री, हे त्यांचं उत्पन्न. म्हणजे जी वस्तू विकली जात नाही ती त्यांच्या पदरात फक्त ओझं म्हणून पडते. आता जे बघायचं ते याच डोळ्यांनी.

पहिली पिशवी उघडते. एक पाण्याची बाटली बाहेर येते, पारदर्शक, पातळ कागदी वेष्टनाची. मावशी बूच फिरवून काढतात, पाणी ओततात, पायाखाली दाबून चपटी करतात. "ही पांढरी. हिला भाव हाय." दुसरी थंड पेयाची, हिरवी. ती वेगळ्या पोत्यात. "हिरवीला कमी देतात." पेट नावाच्या एकाच प्लास्टिकच्या या दोन बाटल्या, पण हिरवा रंग एकदा मिसळला की तो काढता येत नाही, त्यातून पुन्हा हिरवं किंवा काळपटच काहीतरी होतं. जपानमध्ये पेयाच्या पेट बाटल्या बिनरंगी असाव्यात असा संकेत उत्पादकांनी 2001 पासून स्वतःच पाळला आहे. तिथे रंग वेष्टनावर असतो, बाटलीत नसतो.

तिसरी बाटली हातात येते आणि मावशी थांबतात. कसल्याशा शक्तिवर्धक पेयाची आहे. गळ्यापासून बुडापर्यंत चमकदार रंगीत प्लास्टिक आकसून घट्ट बसवलेलं. मावशी नखाने कड शोधतात. कड नाही. दाताने धरतात. मग पटकुराखालून ब्लेडचा तुकडा काढून उभा चिरतात, आणि आवरण सोलून येतं. यात किती वेळ गेला ते मी मोजत नाही, पण तेवढ्यात साध्या बाटल्या कितीतरी झाल्या असत्या.

हे सोलायलाच का हवं? बाटली पेटची आहे. असं आवरण बऱ्याचदा पीव्हीसीचं असतं. कारखान्यात बाटल्यांचा चुरा करून पाण्याच्या टाकीत टाकतात. बुचाचं प्लास्टिक पाण्यापेक्षा हलकं, ते वर तरंगतं आणि पेट तळाशी बसतं, त्यामुळे बूच आपोआप वेगळं होतं. पीव्हीसीचं वजन जवळजवळ पेटइतकंच, तेही तळाशी बसतं आणि पेटबरोबर भट्टीत जातं. पेट वितळायला अडीचशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. पीव्हीसी त्याच्या आधीच करपतं, त्यातून आम्ल सुटतं आणि सगळा घाणा पिवळा, ठिसूळ होतो. थोडंसं पीव्हीसीही पुष्कळ पेट नासवायला पुरतं. आवरणावर एक भोकांची रेघ असती तर घरच्या माणसाने ते एका ओढीत काढलं असतं. ती रेघ कारखान्यात मारायला फार खर्च येत नाही. ती न मारल्याचा खर्च इथे, ह्या अंधारात, ब्लेडने आणि दाताने भरून निघतो आहे.

तिसऱ्या मजल्यावरचा एक तरुण रात्रीच्या जेवणाचे रिकामे डबे घेऊन खाली येतो. धुतलेले आहेत, मावशी त्याच्याकडे बघून मान हलवतात, ही त्यांची शाबासकी. त्यातला एक काळा, पातळ ट्रे त्या बाजूला टाकतात. तरुणाला आश्चर्य वाटतं. "मावशी, यावर रिसायकलचं चिन्ह आहे की." तो ट्रे उलटा करून दाखवतो. बाणांचा त्रिकोण आणि आत 6 हा आकडा.

तो चुकत नाही. त्याला तसंच शिकवलं गेलं आहे. बाणांचं ते चिन्ह 1970 साली गॅरी अँडरसन नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने एका स्पर्धेसाठी काढलं, पुनर्वापराचं चिन्ह म्हणूनच. 1988 साली तिथल्या प्लास्टिक उद्योगाने त्याच त्रिकोणात 1 ते 7 आकडे घातले, फक्त प्लास्टिकची जात कळावी म्हणून. 1 म्हणजे पेट, 2 आणि 4 पॉलिथिनचे दोन प्रकार, 3 पीव्हीसी, 5 पॉलिप्रॉपिलिन, 6 पॉलिस्टायरिन, 7 म्हणजे उरलेलं सगळं. आकडा फक्त जात सांगतो, ती वस्तू कुणी परत घेईल असं वचन देत नाही. हा गोंधळ इतका वाढला की 2013 मध्ये त्या आकड्यांच्या मानकाची जबाबदारी असलेल्या संस्थेने बाण काढून साधा भरीव त्रिकोण आणला. आपल्या बाजारातल्या डब्यांच्या बुडाला मात्र बाण अजून फिरत आहेत. मी हे त्या तरुणाला सांगते. तो ट्रेकडे बघत राहतो आणि विचारतो, "मग हे मी धुतलं कशाला?" मावशी लगेच म्हणतात, "धुतलं ते चांगलंच केलं बाळा. न्हाईतर वास येतो दिवसभर."

आता पटकुरावर वेगवेगळे ढीग पडू लागले आहेत. पुठ्ठा. पांढरी बाटली. रंगीत बाटली. शाम्पूच्या जाड बाटल्या. पत्रा. काच. काचेच्या ढिगात बिअरच्या तीन बाटल्या उभ्या आहेत, त्यांना मावशी हळूच हाताळतात. ही बाटली फोडायची नसते, ती परत जाते, धुतली जाते, पुन्हा भरली जाते. जाड काच, ठरलेलं माप, सहज निघणारा कागद. कुणीतरी कधीकाळी तिच्या परतीचा विचार करून ती बनवली आणि म्हणून आज तिला इथे किंमत आहे. तमिळनाडूत 2022 मध्ये निलगिरी जिल्ह्यात दारूच्या बाटलीवर 10 रुपये अनामत घेणं सुरू झालं, बाटली परत दिली की पैसे परत. जर्मनीत 2003 पासून एकदाच वापरायच्या पेयाच्या बाटल्या-डब्यांवर अनामत आहे. अनामत म्हणजे परतीचा रस्ता वस्तूच्या किमतीतच बांधलेला असणं.

आपल्याकडे तसा रस्ता आखलाच नव्हता असंही नाही. महाराष्ट्राच्या 2018 च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर परत-खरेदीची किमान 50 पैसे किंमत छापण्याची तरतूद होती. मी पटकुरावरची पिशवी उलटीपालटी करून बघते. दुधाच्या पिशव्या मावशींना हव्याच असतात, जाड आणि एकाच जातीचं प्लास्टिक. फक्त बहुतेकांचा कोपरा कापून उडालेला. तो नखाएवढा तुकडा ओल्या कचऱ्यात पडतो, खतात जातो, नाल्यात जातो. कोपरा पूर्ण न कापता चीर द्यायची, एवढंच करायचं असतं. पण पिशवीवर कुठेही 'इथे चीर द्या' अशी खूण नाही, की कात्री आपोआप थांबेल असा जाड काठ नाही. माणसाचा हात जिथे सरळ जातो तिथेच तो जाणार.

त्यानंतर येतो लग्नसराईचा माल. पत्रिका. जाड कागद, त्यावर प्लास्टिकचं चकचकीत लॅमिनेशन, त्यावर सोनेरी पन्नी, मध्ये चिकटवलेला गणपती, कडेला मणी आणि मखमल. मिठाईचे खोकेही तसेच. मावशी पत्रिका फाडून बघतात. ती फाटत नाही, पापुद्रा ताणला जातो. फाटली नाही म्हणजे रद्दीत चालत नाही. गणपती मात्र त्या सोलून काढतात आणि बाजूला, खांबाच्या कडेवर ठेवतात. तो कचऱ्यात टाकवत नाही.

सगळ्यात मोठा ढीग सगळ्यात हलका आहे. वेफर, फरसाण, बिस्किटं, गुटखा, शाम्पूच्या पुड्या. एका पातळ पदरात दोन-तीन प्लास्टिकचे आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले. वेफर महिनोन्महिने कुरकुरीत राहावा या एका कामासाठी ही वस्तू अप्रतिम आहे. हवा नाही, ओल नाही, उजेड नाही. ते काम संपलं की तिच्याकडे दुसरं काहीच उरत नाही. थर वेगळे करणं परवडत नाही, एकत्र वितळवून चांगलं काही होत नाही. मोठी मूठ भरून काट्यावर ठेवली तरी काटा हलत नाही. भंगारवाला हात लावत नाही. यातलं जे गोळा होतं ते बहुधा सिमेंटच्या भट्टीत जळणाला जातं, आणि बाकीचं कचरा डेपोवर. उत्पादकांनी आपल्या वेष्टनाची जबाबदारी घ्यावी असे 2022 चे केंद्राचे नियम आहेत, त्यात या थरांच्या वेष्टनांना स्वतंत्र वर्ग आहे, आणि ज्याचा पुनर्वापर होत नाही ते जाळायची किंवा रस्त्यात घालायची मुभाही आहे. ती मुभा असेपर्यंत वेष्टन बदलायची घाई कुणाला होणार? मला इथे नियम बनवणाऱ्यांशी स्पष्ट भांडायचं आहे. जी वस्तू परत घेता येत नाही ती बाजारात आणतानाच अडवायला हवी, ती जाळण्याचा दाखला देऊन नव्हे.

तेवढ्यात मावशींचा हात एका वर्तमानपत्राच्या पुडीवर येतो. पुडीवर लाल शाईचा गोल ठिपका. त्या ती न उघडता सरळ बाजूच्या डब्यात टाकतात. "ही समजूतदार बाई. चौथ्या मजल्यावरची." लाल ठिपका म्हणजे आत सॅनिटरी पॅड आहे, हात लावू नका, अशी ही खूण कचरावेचक बायकांनीच रुजवली. पुढच्या पिशवीत मात्र तसं नाही. उघडा पॅड आणि लहान मुलाचं डायपर भाजीच्या देठांत मिसळलेलं. मावशींच्या हातात मोजे आहेत, पण बोटांशी फाटलेले. त्या चेहरा न बदलता ते वेगळं करतात. मला बघवत नाही, तरी मी बघते.

पुण्यातल्या या बायकांनी 2013 साली वापरलेले पॅड गोळा करून ते बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवले होते. त्यांची मागणी साधी होती: प्रत्येक पॅडबरोबर गुंडाळून टाकायला एक पिशवी द्या. 2016 च्या घनकचरा नियमांत अशी पिशवी देण्याचा उल्लेख आलाही. आज मी ज्या पिशवीसमोर उभी आहे त्यात ती नाही.

साडेदहाला निवड संपते. भंगाराच्या दुकानात सगळं भराभर होतं: पोती काट्यावर, आकडे वहीत, पैसे हातात. पुठ्ठा ओला म्हणून वजनातून थोडी कापणी. मावशी वाद घालत नाहीत. पुठ्ठा कशाने भिजला ते त्यांना ठाऊक आहे, वरच्या पाइपाने. उरलेला चकचकीत ढीग पुन्हा ढकलगाडीत भरला जातो, कारण तो घेऊन जायची जबाबदारीही त्यांचीच.

निघताना मी विचारते, वस्तू बनवणारं कुणी कधी तुमच्याकडे येऊन बसलं का, काय सोलता येत नाही, काय फाटत नाही, हे विचारायला? मावशींना प्रश्नच आधी कळत नाही. मग म्हणतात, "आमाला कोन इचारतंय? इचारलं तर सांगू की. सगळं सांगू."

ज्यांच्या हातात बाटलीचा, पिशवीचा, रस्त्यावरच्या डब्याचा किंवा इमारतीचा नकाशा आहे, त्यांनी आपलं काम मंजूर होण्याआधी एक सकाळ अशा पटकुरावर बसावं आणि हाताने निवडून बघावं. आणि तुम्ही सोसायटीत राहत असाल तर पुढच्या सर्वसाधारण सभेत एक विषय मांडा: तळमजल्यावर उजेडाची, कोरडी, नळ असलेली निवडणीची जागा आणि फाटकापासून तिथपर्यंत पायरी नसलेला उतार. एका मोटारीच्या जागेत हे सगळं बसतं.